तलावाकाठची सकाळ आणि पक्ष्यांवरून जलपरीक्षा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत वाचलेला आहे. वायू, जल, देश व काल हे चार भाव विकृत झाले असता भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी व्याधिग्रस्त कशी होतात, याचे विवेचन त्यात येते. परीक्षेपुरती ही लक्षणे पाठ करून बहुतेकांनी तो अध्याय मिटला. विकृत जलाचे वर्णन करताना आचार्यांनी गंध, वर्ण, रस व स्पर्श यांच्या बरोबरीने एक वेगळे लक्षण सांगितले आहे. जलचर पक्षी ज्या पाण्याला सोडून गेले ते पाणी दूषित समजावे, असा त्याचा आशय. हे लक्षण पाहावयाचे तर वैद्याने पक्षी ओळखावयास हवेत. पदवी अभ्यासक्रमात ही सोय नाही. ती तलावाच्या बांधावर मात्र आहे.

आम्ही काही व्यवसायबंधूंनी याकरिता पुण्याचा पाषाण तलाव निवडला. रामनदीला बांध घालून हा तलाव इंग्रजी अमदानीत तयार करण्यात आला. ही नदी पुढे मुळेस मिळते. एके काळी गावाबाहेर असलेल्या या पाण्याभोवती आता वसाहती उभ्या आहेत. त्यांचे सांडपाणी नदीवाटे तलावात येते आणि त्यावर जलपर्णी माजते. महापालिका ती काढते, ती पुन्हा पसरते. भिगवणला जाऊन रोहित पक्ष्यांचे थवे पाहण्याची हौस पुष्कळांना असते, आम्हांसही होती. परंतु नवशिक्याने आरंभ घराजवळच्या पाण्यापासूनच करावा, असे आमचे मत आहे. रोजचा रुग्ण जसा कळतो तसा एकदाच पाहिलेला कळत नाही.

थंडीच्या दिवसांत सूर्योदयाच्या सुमारास बांधावर पोहोचावे आणि ऊन पाठीशी येईल अशी जागा धरावी. सूर्यासमोर पाहिले तर प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. आठ पट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण, मातकट रंगाचे कपडे व खिशात मावेल अशी वही एवढे साहित्य पुरे. सलीम अलींचे पक्ष्यांवरील पुस्तक अथवा मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ घरी असावा. बांधावर पुस्तकात डोके घालून बसल्यास समोरचा पक्षी उडून जातो. अलीकडे भ्रमणध्वनीवरील ‘मर्लिन’ आवाजावरून नाव सुचवतो. त्याची मदत जरूर घ्यावी, पण पक्षी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज नोंद करू नये.

आमच्यासोबत आलेल्या एका जाणत्या निरीक्षकांनी पहिली अट घातली ती अशी, की अर्धा तास कोणीही नाव विचारावयाचे नाही. पक्षी चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? चोच कशी? आणि तो खातो कसा? एवढेच वहीत लिहावयाचे. तिसऱ्या प्रश्नापाशी आम्हांस अन्नपानविधी अध्याय आठवला. आचार्यांनी मांसवर्गात पक्ष्यांची विभागणी रंगरूपावरून केलेली नाही, खाण्याच्या व राहण्याच्या रीतीवरून केली आहे. पायांनी उकरून, विखरून खाणारे ते विष्किर. चोचीने टोचून खाणारे ते प्रतुद. बळाने हिसकावून खाणारे ते प्रसह. आणि पाण्यात संचार करणारे ते वारिचर. ही नावे आपण मांसाच्या गुणधर्मांसाठी वाचली. ती प्रत्यक्ष निरीक्षणावर उभी आहेत हे बांधावर उमगले. (१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपक्ष्यांची शिकार आज निषिद्ध आहे. तेव्हा मांसवर्गातील हा भाग आता केवळ पाहण्यासाठी वाचावा.)

काठावरील झुडपांत सातभाईंचा थवा वाळकी पाने उलथीपालथी करीत होता. संहितेच्या यादीत त्यास शोधण्याचे कारण नाही, पण रीत विष्किराची. वरच्या वाळल्या फांदीवर सुतार पक्षी टोचे मारीत होता, तो उघड प्रतुद. घार पाण्यावर झेपावून मासा उचलून गेली. वारिचरांची तर रेलचेल होती. दुसऱ्या भाषेत जावे न लागता ओळखता येईल अशी एक जोडी येथे मिळते. चरकातील अंबुकुक्कुटी आणि आपली पाणकोंबडी! जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यात उभी राहून एका पायाने देठ धरते व चोचीने सोलून खाते. लाल चोच, लाल पाय, निळसर जांभळे अंग. नवशिक्याला प्रथम भुरळ पाडणारा पक्षी हाच. पंख पसरून खडकावर वाळत बसलेला पाणकावळा हा संहितेतील मद्गु मानला जातो. कारंडव कोणता, याविषयी मात्र संदिग्ध द्रव्यांइतकेच मतभेद आहेत. जिज्ञासूंनी के. एन. दवे यांचा ‘बर्ड्स इन संस्कृत लिटरेचर’ हा १९८५ सालचा ग्रंथ पाहावा.

मराठी नावे स्वतःच लक्षणे सांगतात. चोचीचे टोक पिवळे आणि मुळाशी तांबडा ठिपका, म्हणून हळदी-कुंकू बदक. काळ्या अंगावर कपाळी पांढरा टिळा, तो वारकरी. चिखलाच्या रंगाचा होऊन निश्चल बसलेला आणि उडताच पांढरेशुभ्र पंख दाखवून चकवणारा तो वंचक. नाव ठेवणारा जो कोणी असेल त्याची दर्शनपरीक्षा उत्तम होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पाषाणचे पाणी पक्ष्यांनी सोडलेले नाही, मग ते निर्दोष म्हणावे काय? तसे म्हणता येत नाही. शेकाट्या हा लांब गुलाबी पायांचा पक्षी सांडपाण्याच्या डबक्यातही सुखाने चरतो. कमळपक्षी लांब बोटांच्या आधारे जलपर्णीवरून चालत जातो, पाणकोंबड्यांनाही तिचा आडोसा मिळतो. उलट टिबुकलीला बुडी मारण्यास आणि हिवाळी पाहुण्या थापट्या बदकांना उतरण्यास मोकळे पाणी लागते. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी फडफडत राहतो व मासा दिसताच सूर मारतो. पाणी झाकले गेले की त्याचा निरुपाय होतो. म्हणून पक्षी आहेत की नाहीत एवढे पाहून भागत नाही. कोणते गेले व कोणते वाढले, हे पाहावे लागते. व्याधीचे निदान एका लक्षणावर कोणी करीत नाही, तोच न्याय येथेही लावावा.

औषधनिर्मात्या बंधूंनी या ठिकाणी थोडे थांबावे, अशी विनंती आहे. काठच्या ओल्या जमिनीत माका, नागरमोथा, नीरब्राह्मी, तालीमखाना अशी आपली नित्याची द्रव्ये उगवतात. शहरांलगतच्या पाणथळींतून हा माल काढला जातो आणि मुळाशी पाणी कोणते होते, हे पोत्यावर लिहिलेले नसते. नीरब्राह्मीसारख्या वनस्पती पाण्यातील जड धातू शोषून घेतात, हे प्रयोगांनी दिसून आले आहे. वनस्पतिज औषधांसाठी शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ पीपीएम या मर्यादा घातलेल्या आहेत. त्यांची तपासणी माल कारखान्यात आल्यानंतर होते. चरकाने कल्पस्थानात द्रव्यसंग्रहासाठी भूमिपरीक्षा प्रथम सांगितली आहे. पुरवठादारास ‘माका कोठला?’ असे विचारून त्या तलावावर एक सकाळ घालवणे हे त्या परीक्षेचेच आजचे रूप होय. प्रयोगशाळेच्या अहवालाची जागा ते घेणार नाही, पण कोणता माल नाकारावा हे आधी सुचवील.

रुग्णांना ही फेरी सांगावी काय, असे काहींनी विचारले. सुश्रुताने देहास अतिपीडा न देणाऱ्या चंक्रमणाची प्रशंसा केली आहे, हे खरे. परंतु पक्षी पाहणारा दर दहा पावलांवर थांबतो. मधुमेही रुग्णास व्यायाम म्हणून सांगितलेले चालणे यात होत नाही. आमचा अनुभव असा, की पहिली फेरी दुर्बीण पिशवीत ठेवून झपझप मारावी आणि दुसरी रमतगमत करावी. निद्रानाशाच्या व सतत चिंतन करणाऱ्या रुग्णांना दुसरी फेरी अधिक मानवते. दम्याच्या रुग्णास मात्र धुक्याच्या पहाटे पाठवू नये, ऊन चढल्यावर पाठवावे.

आरंभासाठी ५ ते १२ नोव्हेंबर हा काळ सोयीचा आहे. चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचा हा पक्षी सप्ताह २०२० पासून राज्यात साजरा होतो आणि त्या सुमारास पाहुणी बदके येऊ लागतात. वहीत तारीख, वेळ, पाण्याचा रंग व वास, जलपर्णीने झाकलेला भाग आणि पक्ष्यांची अंदाजे संख्या लिहावी. मार्चअखेर थापट्या परत जातात. शेवटचा कोणत्या दिवशी दिसला, तेही नोंदवून ठेवावे. पुढच्या हिवाळ्यात ताडून पाहण्यास ती तारीख लागेल.