एका खोऱ्यातल्या सगळ्या वाटा

व्हँकूवर हे कॅनडाचं सर्वांत मोठं बंदर. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी या बंदराकडून देशाच्या आतल्या भागात जाणारा एकही महामार्ग वाहतुकीला उरला नाही. दोन्ही मोठ्या रेल्वे कंपन्यांचे मार्ग तुटले आणि तेल आणणारी ट्रान्स माउंटन पाइपलाइनही खबरदारी म्हणून बंद करावी लागली. आपल्याच देशात पुढे जायचं तर शेजारच्या अमेरिकेत शिरून वळसा घालावा लागत होता.

पाऊस किती होता? कोक्विहाला नदीच्या खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या होप गावात १४ नोव्हेंबरला एका दिवसात १७४ मिलिमीटर. कोकणातल्या वाचकाला हा आकडा किरकोळ वाटेल. तिथे आषाढात असे दिवस येतातच. पण नोव्हेंबरात ब्रिटिश कोलंबिया या व्हँकूवरच्या प्रांतातल्या डोंगरांवर पडतो तो बर्फ, आणि तो वसंतापर्यंत जागच्या जागी राहतो. या खेपेला पॅसिफिकवरून बाष्पाचा लांबच लांब उबदार पट्टा आला. हवामानशास्त्रज्ञ त्याला ‘वातावरणीय नदी’ म्हणतात. त्याच्या उबेमुळे उंचावरही पाऊसच पडला आणि आधी साचलेला बर्फही वितळून त्या पाण्यात मिसळला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये याच प्रांतातल्या लिटनला पारा ४९.६ अंशांवर गेला होता आणि दुसऱ्या दिवशी ते गाव वणव्यात जळालं. वणव्याने होरपळलेली जमीन पाणी नीट शोषत नाही. झाडं नसलेल्या उतारांवरून माती, दगड, ओंडके थेट खाली आले.

खाली काय होतं? रस्ता, रूळ, पाइपलाइन आणि नदी, सारं एकमेकांना खेटून. डोंगराळ मुलखात वाट काढायची तर अभियंता नदीचाच मार्ग धरतो, कारण चढ तिथेच सोसवण्याजोगा असतो. म्हणून या प्रांतातले पर्यायी मार्ग नकाशावर वेगवेगळे दिसले, तरी त्यांतले बरेचसे अशाच अरुंद, पाण्याच्या वाटेतल्या खोऱ्यांतून जात होते.

सर्वांत मोठा घाव बसला कोक्विहाला महामार्गाला. १९८६ साली सुरू झालेला हा रस्ता १,२४४ मीटर उंचीची खिंड ओलांडून मेरिट गावाकडे जातो. सुमारे २० ठिकाणी तो उखडला. पूल पडतो म्हणजे दर वेळी मधोमध मोडतोच असं नाही. वळणावर नदी काठ कुरतडत जाते, पुलाला जोडणारा भराव आतून पोखरला जातो आणि मग काठाकडचा गाळाच निराधार होऊन खाली बसतो. कोक्विहालावर अशा तुटलेल्या गाळ्यांची हवाई छायाचित्रं जगभर पाहिली गेली.

या खोऱ्याचा स्वभाव काही नवा नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केटल व्हॅली रेल्वेने इथूनच रूळ नेले होते. हिमप्रपात, दरडी आणि पूर यांनी तो मार्ग सतत छळला. १९५९ मध्ये भराव वाहून गेल्यावर तो बंद पडला आणि कायमचा सोडून दिला गेला. पुढे महामार्ग बांधला गेला तो त्याच नदीच्या सोबतीने.

मेरिटमध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्रातच पाणी शिरलं आणि सात हजारांच्या आसपास वस्तीचं अख्खं गाव खाली करावं लागलं. होपमध्ये शेकडो प्रवासी अडकले. सरे शहरातल्या गुरुद्वाऱ्यात रातोरात स्वयंपाक झाला आणि तिथल्या शिखांनी भाड्याच्या हेलिकॉप्टरमधून ते अन्न होपला पोचवलं.

ॲबट्सफर्डजवळचं सुमास प्रेअरी हे पूर्वीच्या तळ्याचं तळ. १९२०च्या दशकात तळं आटवून तिथे शेती आणली गेली. आता बॅरोटाउनचं पंपगृह पाणी उपसत राहतं, म्हणून जमीन कोरडी. १६ नोव्हेंबरच्या रात्री तेच पंपगृह बुडायच्या बेतात आलं. पंप थांबले असते तर फ्रेझर नदीचं पाणीही आत घुसलं असतं. गावकऱ्यांनी अंधारात वाळूची पोती रचून ते वाचवलं. शेतकऱ्यांनी जेट स्कीला दोर बांधून गाई गोठ्यांतून ओढून काढल्या. तरीही लाखो कोंबड्या मेल्या.

तेलाची पाइपलाइन बंद असल्याने पेट्रोल एका वेळी तीस लिटरच मिळेल, असा आदेश निघाला. आणि पूर ओसरला तोवर हिवाळा उभा ठाकला. आतल्या भागाकडे जाणारी जवळपास सगळी मालवाहतूक तिसऱ्या क्रमांकाच्या, वळणावळणाच्या अरुंद घाटरस्त्यावर आली. बर्फ, अंधार आणि ट्रकांची रांग यांमुळे तिथे अपघात होत आणि तोही रस्ता अधूनमधून बंद पडे. इकडे कोक्विहालावर तीनशेहून अधिक कामगार थंडीत चार लाख घनमीटरच्या वर दगडमाती हलवत होते. ३५ दिवसांत, २० डिसेंबरला, तो ट्रकांसाठी खुला झाला. हे काम अफाटच म्हणायला हवं. खासगी गाड्यांना मात्र जानेवारीपर्यंत थांबावं लागलं.

आपल्याकडेही २०२१च्याच जुलैत चिपळूणला वाशिष्ठी नदीने वेढलं, तेव्हा कोकण रेल्वे थांबली, कसारा घाटात दरडी आल्या आणि कोल्हापुरापाशी पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं. तिथेही एका वाटेला पर्याय म्हणून दुसरी वाट घ्यावी, तर तीही त्याच पावसात सापडलेली होती. आराखड्यात ‘पर्यायी मार्ग’ म्हणून रेघ ओढताना ती दुसऱ्या नदीच्या खोऱ्यातून जाते की त्याच, हे आधी विचारलं पाहिजे.

कोक्विहालाचे नवे पूल आता अधिक लांब गाळ्यांचे आणि खोल पायाचे आहेत, म्हणजे नदीला पसरायला जागा मिळावी. आठव्या क्रमांकाच्या महामार्गाचे कित्येक किलोमीटर निकोला नदीने गिळले होते. तो पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर २०२२ उजाडला. काही ठिकाणी नदीने पात्रच बदललं होतं आणि जुना रस्ता जिथून जायचा, तिथून आता पाणी वाहतं.