पाणीवाटपाचा न्याय : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पैठणच्या नाथसागरासाठी, म्हणजेच जायकवाडी धरणाच्या जलाशयासाठी, पाणी सोडण्याची वेळ आली, की दोन्ही बाजूंना मोर्चे निघतात, न्यायालयात अर्ज पडतात. परंतु ज्या संस्थेच्या आदेशाने हे पाणी सुटते, तिचे कार्य नेमके काय, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. ही संस्था म्हणजे २००५ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेले, आणि जलक्षेत्रातील या स्वरूपाचे भारतातील पहिले, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण.

गैरसमज : प्राधिकरण हे पाणीपट्टी वाढविण्याचे साधन आहे.

वस्तुस्थिती : घरच्या नळाची पट्टी प्राधिकरण ठरवीत नाही, सामान्यतः स्थानिक संस्था ठरवितात. धरणांतून व कालव्यांतून शेती, घरगुती वापर आणि उद्योग यांस पुरविल्या जाणाऱ्या पाण्याचा ठोक दर तेवढा प्राधिकरण ठरविते. व्यवस्थापन, परिचालन आणि देखभाल यांचा खर्च या दरातून भरून निघावा, हे अधिनियमाचे तत्त्व होय. शेतीस सर्वांत कमी, उद्योगास अधिक, आणि ज्या उद्योगात पाणी हाच कच्चा माल त्यास सर्वाधिक, अशी दरांची चढती श्रेणी आहे. वसुली अपुरी राहिली, की कालव्याच्या चाऱ्यांची दुरुस्ती रखडते, दरवाजे गळू लागतात, आणि आवर्तन सुटूनही शेवटच्या टोकाच्या (टेलच्या) शेतकऱ्याचे रान कोरडेच राहते. म्हणजे देखभालीत केलेल्या काटकसरीची झळ प्रथम दुर्बलासच लागते.

गैरसमज : जायकवाडीला पाणी सोडणे ही राज्यकर्त्यांची मर्जी आहे.

वस्तुस्थिती : टंचाईची झळ नदीखोऱ्यातील सर्वांनी सारखी सोसावी, यासाठी दरवर्षी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातील सर्व जलाशयांतील वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी, खरिपातील वापर जमेस धरून, साधारणतः समान राहील असे नियंत्रण करावे, असे अधिनियमच सांगतो. गोदावरी खोऱ्यातील जलाशयांच्या नियंत्रणाचा अभ्यास करणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या अहवालाचा आधार घेऊन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये या तत्त्वाला हिशेबाचे रूप दिले : १५ ऑक्टोबरचा जायकवाडीचा उपयुक्त साठा, खरिपातील वापर धरून, ६५ टक्क्यांहून कमी भरला, तर मुळा, प्रवरा, गंगापूर, दारणा इत्यादी वरच्या धरणसमूहांनी आपापल्या साठ्याच्या मानाने तूट भरून काढावयाची. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही व्यवस्था ग्राह्य धरली. वरच्या शेतकऱ्याची चिंता खोटी नाही. परंतु त्याला आणि खालच्याला एकच मोजमाप लागू झाले, हा या निर्णयाचा खरा अर्थ आहे.

गैरसमज : शेतीचे पाणी उद्योगाला वळविणे प्राधिकरणाच्या हाती आहे.

वस्तुस्थिती : निरनिराळ्या क्षेत्रांतील वाटप ठरविण्याचा अधिकार मुळात प्राधिकरणाकडे होता खरा, परंतु २०११ च्या दुरुस्तीने तो राज्य शासनाकडे गेला. म्हणून अशा निर्णयाचा जाब प्रथम मंत्रिमंडळाला विचारला पाहिजे. नियामकाचे अधिकार आखडले, की न्यायाची हमीही तितकीच आखडते, हे येथे विसरता कामा नये.

गैरसमज : माझ्या विहिरीच्या पाण्याशी नियामकाचा संबंध नाही.

वस्तुस्थिती : २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून अंमलात आला असून, राज्य भूजल प्राधिकरणाची जबाबदारी याच संस्थेकडे आहे. जमिनीखालचे पाणी बांधाची हद्द जाणत नाही. एकाच्या विंधनविहिरीचा बेसुमार उपसा गावच्या पिण्याच्या विहिरीला बाधतो.

नियामक पाणी निर्माण करीत नाही. आहे त्या पाण्याच्या वाटपात बळाऐवजी नियमाला स्थान मिळवून देतो, आणि हे काम लोकांच्या सहभागावाचून तडीस जात नाही. ठोक दराचा मसुदा प्रसिद्ध होतो, त्यावर हरकती मागविल्या जातात, सुनावण्या होतात; हक्काच्या पाण्याबद्दल विवाद उद्भवल्यास प्राथमिक विवाद निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, आणि तेथे समाधान न झाल्यास प्राधिकरणाकडे अपील करता येते. तेव्हा प्रत्येक पाणी वापर संस्थेने आणि ग्रामसभेने या तरतुदी वाचाव्यात, हरकती लेखी द्याव्यात, आणि सुनावणीच्या दिवशी आपला माणूस तेथे अवश्य पाठवावा.