शंभर वेढ्यांचा हिशेब

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगावी गात फिरले. भीमगीतांचा तो प्रवाह पुढे कॅसेटींवरून घरोघर पोचला. नाशिकलाच १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि घरबसल्या शिकणाऱ्यांसाठी ध्वनिफीतही उपयोगी पडली. अशा जुन्या कॅसेटींची डिजिटल प्रत करायला बसणाऱ्याला आवाजाआधी फितीची जाडी माहीत हवी.

फिलिप्सने १९६३मध्ये आणलेल्या कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. डबी तेवढीच ठेवून वेळ वाढवायचा, तर फीत पातळ करण्यावाचून गत्यंतर नाही. सी-६०मध्ये साधारण १८ मायक्रॉन जाडीची ९० मीटर, सी-९०मध्ये १२ मायक्रॉनची १३५ मीटर, तर सी-१२०मध्ये ९ मायक्रॉनची १८० मीटर फीत मावते. जाडी गुणिले लांबी तिन्हींत सारखीच, १,६२०. म्हणून भरलेली गुंडाळी पाहून फरक कळत नाही; आणि कव्हरे तर घराघरांत अदलाबदल झालेली असतात.

पातळ फीत सहज ताणली जाते, रबरी चाकाभोवती गुंडाळून चुरगळते. शेजारच्या वेढ्याचे चुंबकत्व तिच्यावर लवकर उमटते आणि गाण्याआधीच त्याची पुसट चाहूल ऐकू येते. तिला वेगाने मागेपुढे पळवणे म्हणजे संकट ओढवून घेणे.

मग जाडी मोजायची कशी? स्क्रू गेजमध्ये एकच पदर धरला तर दाबाने आकडा फसतो, आणि जतनाची फीत कापून दहा पदरी करता येत नाही. त्यापेक्षा वेढे मोजावेत. सुरुवातीची कोरी पट्टी संपली की कॅसेट नेहमीच्या वेगाने वाजवत भरणाऱ्या चकतीच्या शंभर फेऱ्या होऊ द्याव्यात. सुमारे अडीच मिनिटे लागतात. दर फेरीला गुंडाळीची त्रिज्या एका जाडीने वाढते, व्यास दोन जाड्यांनी. शंभर फेऱ्यांत व्यास ३.६ मिलिमीटरने वाढला तर सी-६०, २.४ने वाढला तर सी-९०, १.८ने वाढला तर सी-१२०. व्हर्नियर कॅलिपरला एवढा फरक सहज दिसतो. वेढ्यांत हवा राहिल्याने आकडा थोडा जास्त येतो, पण कारखान्यांनी जाडीच्या ठरावीक पायऱ्याच केल्या असल्यामुळे ढोबळ माप पुरते.

मोठ्या रिळांनाही हीच रीत लागू पडते. तिथे पायऱ्या साधारण ५२, ३५, २६ आणि १८ मायक्रॉनच्या.

जाडी कळली की कामाचा क्रम ठरतो. जाड फितीवर यंत्राची चाचणी घ्यावी, ताण नीट जुळवावा. सी-१२० त्यानंतरच लावावी. ती शक्यतो एकदाच वाजेल, म्हणून २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर नोंद आधीच सुरू करून ठेवावी.