मूल्ये, काम आणि मनाचा थकवा

कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ टिकला आणि तो हाताळण्यात यश आले नाही, की माणसाची जी अवस्था होते तिला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात तिची तीन लक्षणे नोंदवली आहेत. पहिले, अंगातले त्राण संपल्याची भावना. दुसरे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा. आणि तिसरे, आपल्या हातून पूर्वीसारखे काम होत नाही ही जाणीव. संघटनेने बर्नआउटला आजार ठरवलेले नाही. ती कामाशी निगडित स्थिती आहे, म्हणून तिची कारणे शोधताना माणसाइतकेच त्याचे कामही तपासावे लागते. नैराश्य मात्र कामापुरते राहत नाही. घर, सणवार, भूक, झोप अशा आयुष्याच्या सगळ्या बाजू ते व्यापते. बर्नआउट लांबले, तर नैराश्याचा धोका वाढतो.

हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये बर्नआउटवर पहिला महत्त्वाचा लेख लिहिला. न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात मनापासून राबणारे कार्यकर्तेच लवकर खचतात, असे त्याला आढळले होते. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली तयार केली. मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी १९९७ मध्ये कामाच्या सहा बाजू मांडल्या: कामाचा भार, कामावरचे नियंत्रण, मोबदला, सहकाऱ्यांशी नाते, न्याय आणि मूल्ये. यांपैकी कोणत्याही बाजूने माणूस आणि काम यांचे जमेनासे झाले, की बर्नआउटची शक्यता वाढते. भार सहज दिसतो. मूल्यांचे न जमणे लवकर ध्यानात येत नाही.

मूल्य म्हणजे आयुष्यात काय महत्त्वाचे, याविषयीची माणसाची पक्की धारणा. शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये दहा मूलभूत मूल्ये सांगितली. त्यांत सुरक्षितता, परंपरा, स्वातंत्र्य, यश, सत्ता, आपल्या माणसांचे हित अशांचा समावेश होतो. त्यांनी ही मूल्ये वर्तुळात मांडली. शेजारची मूल्ये एकमेकांना पूरक असतात, तर समोरासमोरची एकमेकांच्या आड येतात.

ही ओढाताण कशी घडते, हे सुरतच्या दक्षिणेला असलेल्या सचिनसारख्या औद्योगिक भागात स्पष्ट दिसते. एकेकाळी सिद्दी नवाबांच्या संस्थानाची राजधानी असलेल्या या गावाभोवती आज गुजरात औद्योगिक विकास महामंडळाची (जीआयडीसीची) मोठी वसाहत आहे. यंत्रमाग, डाइंग मिल आणि रसायनांचे कारखाने येथे आहेत. सुरत परिसरातील कामगारांत ओडिशा, उत्तर प्रदेश आणि बिहारच्या लोकांबरोबर जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली खानदेशी कुटुंबेही आहेत. यंत्रमागावर बारा तासांची पाळी आणि मीटरवर मजुरी ही जुनी रीत आहे. माग बंद तर कमाई बंद. त्यामुळे विश्रांती घेतली की पैसे बुडतात.

अशा ठिकाणी मूल्यांचा संघर्ष तीन प्रकारे उभा राहतो. पहिला प्रकार माणसाच्या आतला. घर चालवणे आणि घरच्यांसोबत असणे ही दोन्ही एकाच मायेची रूपे आहेत, पण बारा तासांची पाळी त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करते. ज्या मुलांसाठी रात्रपाळी करायची, त्यांच्याशी बोलायलाच वेळ उरत नाही. शिवाय रात्रपाळीने झोपेचे चक्र बिघडते, आणि अपुऱ्या झोपेमुळे चिडचिड व थकवा वाढतो.

दुसरा प्रकार माणूस आणि काम यांच्यातला. ६ जानेवारी २०२२ रोजी सचिन जीआयडीसीत टँकरमधून नाल्यात सोडलेल्या रासायनिक कचऱ्यामुळे विषारी वायू पसरला आणि सहा कामगारांचा बळी गेला. असा धोका समोर असताना जीव आधी, उत्पादन नंतर, असे मानणाऱ्या माणसाला वेगासाठी सुरक्षेकडे डोळेझाक करायला लावले, तर शरीरापेक्षा मन अधिक शिणते. असे वारंवार घडले, की कामाविषयी कडवटपणा येतो.

तिसरा प्रकार मदत मागण्याच्या आड येणारा. निमूट सोसणे म्हणजे कर्तेपण, ही शिकवण संकटात बळ देते. मात्र तीच शिकवण ‘आता होत नाही’ असे म्हणू देत नाही. लक्षणे लपवली जातात आणि उपचार लांबणीवर पडतात.

मूल्ये माणसाला सावरतातही. आपण कोणासाठी राबतो हे स्पष्ट असले, तर कष्ट अधिक पेलता येतात. टिम कॅसर आणि रिचर्ड रायन यांनी १९९३ मध्ये दाखवले, की नाती आणि समाजाचे हित यांपेक्षा पैशाला वरचे स्थान देणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य तुलनेने कमी असते. लायटर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॅनडातील डॉक्टरांच्या अभ्यासातही मूल्यांचा मेळ आणि बर्नआउट यांचा संबंध आढळला. कोणते मूल्य धरले, याबरोबरच त्याप्रमाणे जगायला वाव मिळतो का, यालाही महत्त्व आहे.

म्हणून उपाय दोन्ही बाजूंनी करावे लागतात. मालक आणि ठेकेदारांच्या हाती पाळीचे तास, आठवड्याची सुट्टी, ओव्हरटाइमचा योग्य मोबदला, सुरक्षासाधने आणि धोक्याचे काम नाकारण्याची मुभा आहे. कामगाराला केवळ धीर धरायला सांगून यांची उणीव भरून निघत नाही. व्यक्तीच्या पातळीवर ‘ॲक्ट’ नावाची उपचारपद्धती आपली मूल्ये ओळखून त्यांच्या दिशेने रोज छोटे पाऊल टाकायला शिकवते. सुट्टीचा एक तास ठरवून मुलांना देणे, हे असेच एक पाऊल.

झोप उडणे किंवा कशातच रस न वाटणे ही स्थिती दोन आठवडे टिकली, तर डॉक्टरांना भेटावे. जगणे नकोसे झाल्यास किंवा आत्महत्येचा विचार आल्यास एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध असून तिच्यावर मराठीतूनही बोलता येते. घरच्यांसाठी राबणाऱ्याने स्वतःच्या मनाची काळजी घेणे, हेही त्याच कर्तव्यात मोडते.