अजिंठ्याचे जर्मन पुस्तक आणि पाचोऱ्याचे विद्यार्थी

एकेकाळी अजिंठ्याला निघालेले गोरे प्रवासी पाचोरा स्थानकावर मोठी गाडी सोडत आणि 'पी. जे.' म्हणजे पाचोरा-जामनेर या छोट्या रेल्वेच्या डब्यात बसून शेंदुर्णीमार्गे पहूरला उतरत. तिथून फर्दापूर, मग लेणी. त्यांच्यातले काही नुसते पाहून परतले नाहीत. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने भित्तिचित्रे सावरण्यासाठी लोरेन्झो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञाला बोलावले. व्हिक्टर गोलुब्यू यांचा अजिंठ्यावरचा फ्रेंच ग्रंथ 1927 मध्ये निघाला. पुढे डीटर श्लिंगलॉफ या जर्मन पंडिताने एकेका चित्रात कोणती कथा रंगवली आहे ते ओळखण्यासाठी कित्येक वर्षे खर्ची घातली. त्यांचा या चित्रांवरचा मोठा संदर्भग्रंथ 2000 मध्ये जर्मनीत छापला गेला. त्याचे इंग्रजी रूप भारतात आले ते 2013 मध्ये.

मधली तेरा वर्षे पाचोरा-जामनेरच्या अभ्यासू मुलाला आपल्या उशाशी असलेल्या लेण्यांविषयीचे हे ज्ञान बंद होते. पुस्तक मिळवणे अवघड होतेच, पण मिळाले असते तरी वाचणार कसे?

युरोप खानदेशातल्या वर्गात नाही असे मात्र मुळीच नाही. कला शाखेत इतिहास घेतला की 1789 ची फ्रेंच राज्यक्रांती येते, 1815 ची व्हिएन्ना परिषद येते, बिस्मार्क येतो. राज्यशास्त्रात प्लेटो, मॅकियाव्हेली आणि रूसो. हे सारे मराठीतून शिकता येते, आणि ही लहान गोष्ट नव्हे. 'सामाजिक करार', 'सामूहिक ईहा' असे शब्द घडवून मराठीने हा विचार आपल्या घरात आणला. अडते ते पुढे. 'सामूहिक ईहा' पाठ केलेल्या मुलीला त्यामागचा 'व्होलाँते जेनेराल' हा फ्रेंच शब्द कुणी फळ्यावर लिहून दाखवत नाही. रूसोची दोन पाने त्याच्या भाषेत वाचली, तर 'ईहा' म्हणजे नुसती इच्छा का नाही, यावर वर्गात तासभर वाद रंगेल.

भाषा एकीकडे आणि इतिहास-राजकारण दुसरीकडे, ही फाळणी वरच्या पातळीवरही आहे. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. जर्मन, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश शिकायला नोकरदारांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळे तिथे येतात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात युरोपीय राजकारणाचे केंद्र आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या प्रशालेत, तर फ्रेंच-जर्मनची केंद्रे भाषांच्या प्रशालेत. भाषा आणि इतिहास एकाच माणसाच्या हाती आले की काय होते, ते गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी दाखवले. पोर्तुगीज दफ्तरे मुळातून वाचून त्यांनी सिद्ध केलेला 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ मराठ्यांच्या इतिहासाला आजही आधार आहे. लिस्बनची भाषा आली म्हणून साताऱ्याची गोष्ट कळली.

खानदेशाच्या मातीलाही हे नवे नाही. प्लेटोचे 'रिपब्लिक' मराठीत आणणारे, युरोपीय ग्रंथांसाठी 'भाषांतर' नावाचे मासिक चालवणारे वि. का. राजवाडे 1926 मध्ये धुळ्यात वारले. तिथले राजवाडे संशोधन मंडळ त्यांच्या पाठोपाठ लगेच उभे राहिले. आणि अमळनेर! श्रीमंत प्रताप शेठजींनी 1916 मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढले. साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी या मंदिरातच. घ. र. मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती ही मंडळी तिथे शांकर वेदान्ताच्या शेजारी कांट आणि हेगेल ठेवून वाचत होती. कृष्णचंद्र भट्टाचार्य तिथे काही काळ संचालक होते. याच रासविहारी दासांनी पुढे कांटच्या मुख्य ग्रंथाची वाट दाखवणारे पुस्तक लिहिले. गिरणीच्या गावात, कापसाच्या व्यापारातून आलेल्या पैशावर हे घडले. आज त्याची आठवण शंभरी सोहळ्यापुरती काढणे हा त्या माणसांवर अन्याय आहे.

आता युरोपची ओढ पोटापाण्याची आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पहिला आकडा दहा हजारांचा आणि अट जर्मन भाषेची. शिकायला जायचे तर जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात. म्हणजे दहा लाख रुपयांहून अधिक. कोरडवाहू कापसाच्या घरात हा आकडा ऐकूनच बोलणे थांबते. त्यात भाषा शिकण्यासाठी पुण्यात खोली घेऊन राहण्याचा खर्च मिळवला, तर मुलीचे नाव आधी कापले जाते.

खरे तर मराठी मुलाला जर्मन अवघड जाऊ नये. इंग्रजी आधी वीस म्हणते, मग एक. जर्मन 'आइन-उन्ट-त्स्वान्त्सिश' म्हणते, आधी एक आणि मग वीस, आपल्या 'एकवीस'सारखेच. पंचवीस, सत्तावीस, सगळे त्याच चालीचे. तो-ती-ते ही तीन लिंगे तिथेही आहेत, आणि 'पोरगं' जसे आपल्याकडे 'ते', तसा मुलीसाठीचा 'मेडशन' हा शब्द त्यांच्याकडे नपुंसकलिंगी. इंग्रजीतून जर्मन शिकवणारे पुस्तक मराठीशी असलेले हे साम्य सांगत नाही. मराठीतून शिकवणारा शिक्षक पहिल्याच आठवड्यात सांगेल.

असा एक शिक्षक जळगावच्या विद्यापीठाने आठवड्यातून दोन दिवस पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या महाविद्यालयात पाठवावा, इतिहासाच्या प्राध्यापकांनी त्याच्याबरोबर वर्गात बसावे. वर्षअखेरीला श्लिंगलॉफच्या मूळ ग्रंथातले एक पान मुलांच्या हाती द्यावे आणि सहलीची बस अजिंठ्याला न्यावी. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची भिंत आहे. तिच्यासमोर उभे राहून, शब्दकोश उघडून, अडखळत का होईना, ते पान वाचता येईल.