अठरा इंचांचा कायदा

अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरात बारा बोअरची पंप बंदूक असणं काही नवलाचं नाही. नळीखालची लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ मागे-पुढे ओढायची, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत बसतं. रेमिंग्टन कंपनीची 870 ही या जातीतली सर्वांत खपलेली बंदूक. 1950 साली ती बाजारात आली आणि आजवर एक कोटीहून जास्त तयार झाल्या. बदकांच्या शिकारीसाठी घेतलेल्या बंदुकीची नळी 28 किंवा 30 इंचांची असते. पुढे शिकार सुटते, बंदूक कपाटात पडून राहते आणि कधीतरी मालकाच्या मनात येतं, घराच्या राखणीला एवढी लांब नळी कशाला? गॅरेजात हत्यारं असतात, सुट्टीचा दिवस असतो, आणि नळी म्हणजे शेवटी पोलादी पाइपच.

कापल्यावर 18 इंच किंवा त्याहून जास्त नळी उरली, आणि बंदुकीची एकूण लांबी 26 इंचांखाली गेली नाही, तर अमेरिकेचं केंद्र सरकार त्याबद्दल काही म्हणत नाही. पाव इंच कमी भरली, तर तीच बंदूक मशिनगनच्या पंगतीला जाऊन बसते. आधी परवानगी आणि नोंदणी न करता असं केल्यास दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. शिवाय हे माप बाहेरून दिसणाऱ्या नळीचं नसतं. बंदूक बंद करून नळीच्या तोंडातून आत दांडी घालतात, ती बोल्टला टेकली की तिथपासून तोंडापर्यंतचं अंतर म्हणजे नळीची लांबी. बाहेरून टेप लावून समाधान मानणाऱ्याचा हिशेब इथेच चुकतो.

अठराच का? या प्रश्नाला बंदुकीच्या शास्त्रात उत्तर नाही. ते 1934 सालच्या राजकारणात आहे.

दारूबंदीच्या काळात शिकागोसारख्या शहरांत टोळ्यांचं राज्य होतं. 14 फेब्रुवारी 1929 रोजी शिकागोच्या एका गॅरेजात सात जणांना भिंतीशी उभं करून मारलं गेलं. फेब्रुवारी 1933 मध्ये मायामीत नियोजित राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यावर रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले, शिकागोचे महापौर अँटन सेरमॅक दगावले. कायदामंत्र्याच्या जागी असलेले अॅटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांना म्हणूनच सगळ्यात आधी पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची नोंदणी हवी होती, कारण खिशात लपणारं हत्यार तेच. पण मग लोक लांब बंदुका कापून खिशाजोगत्या करतील, ही पळवाट उरत होती. ती बुजवण्यासाठी आखूड नळीच्या रायफली आणि छऱ्यांच्या बंदुका यादीत आल्या. पुढे विरोध झाला, बंदूकवाल्यांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि पिस्तुलं विधेयकातून वगळली गेली. पळवाट बुजवणारं कलम मात्र तसंच राहिलं. मुख्य दरवाजा काढून टाकला आणि मागच्या खिडकीचे गज तेवढे ठेवले, असा हा प्रकार. जून 1934 मध्ये कायदा झाला आणि प्रत्येक हस्तांतरणामागे 200 डॉलर कर बसला. त्या काळी ही रक्कम खुद्द बंदुकीच्या किमतीहून कितीतरी जास्त होती. कर घेणं हा हेतू नव्हताच, कुणी वाटेला जाऊ नये हा होता.

रायफलीची मर्यादा सुरुवातीला 18 इंचच होती, 1960 मध्ये ती 16 वर आली. छऱ्यांच्या बंदुकीची 18 वरच थांबली. यामागे तोफखान्यातला कुठला गहन सिद्धान्त शोधू नये.

या कायद्याची परीक्षा लवकरच झाली, आणि तीही नळी कापलेल्या बंदुकीवरूनच. एप्रिल 1938 मध्ये आर्कान्सामधल्या सायलोम स्प्रिंग्जजवळ जॅक मिलर आणि फ्रँक लेटन यांना पकडलं. ओक्लाहोमाच्या क्लेअरमोरहून आणलेली स्टीव्हन्स कंपनीची दुनळी त्यांच्याकडे सापडली, तिची नळी 18 इंचांहून कमी होती. मिलर हा दरोडेखोरांच्या टोळीतला, साथीदारांविरुद्ध साक्ष देऊन मोकळा झालेला गडी. खालच्या कोर्टाने घटनेतल्या शस्त्रहक्काच्या आधारे कायदाच घटनाबाह्य ठरवला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे आरोपींच्या बाजूने कुणी उभंच राहिलं नाही. पक्षकारांकडून पैसे मिळाले नाहीत, सरकारच्या टिपणावरच काय तो निर्णय घ्या, असं त्यांच्या वकिलाने कळवलं. 15 मे 1939 रोजी निकाल लागला तेव्हा मिलर जिवंतही नव्हता, आदल्याच महिन्यात त्याला कुणीतरी गोळ्या घातल्या होत्या. न्यायालयाने म्हटलं, असल्या बंदुकीचा नागरी सैन्यदलाच्या कामाशी काही संबंध आहे असा पुरावा आमच्यापुढे नाही. पुरावा असणार कसा? तो मांडायला समोर कुणी नव्हतंच. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी 20 इंची नळीच्या विंचेस्टर पंप बंदुका खंदकांत वापरल्या होत्या आणि 1918 मध्ये जर्मनीने त्याबद्दल रीतसर निषेध नोंदवला होता, एवढं जरी कुणी सांगितलं असतं तरी दोन इंचांचा वाद रंगला असता. अमेरिकेच्या शस्त्रहक्काचा अर्थ पुढची जवळपास सत्तर वर्षं या एकतर्फी खटल्याच्या आधाराने लावला गेला. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच हेलर निकालाने व्यक्तीचा शस्त्रहक्क मान्य केला, पण आखूड नळीच्या छऱ्यांच्या बंदुकीला त्याच्या बाहेरच ठेवलं.

बरं, नळी कापून हातात काय पडतं? सिनेमात दाखवतात तसं अख्खी खोली झाडून काढणारं हत्यार काही मिळत नाही. शिकारी नळीचं तोंड शेवटच्या इंच-दोन इंचांत किंचित आवळलेलं असतं, त्याला चोक म्हणतात. छऱ्यांचा घोस लांबवर एकत्र राहावा म्हणून तो असतो. पूर्ण चोक असेल, तर 40 यार्डांवरच्या 30 इंची वर्तुळात साधारण 70 टक्के छरे बसतात. चोक नसेल तर 40 टक्क्यांच्या आसपास. नळी कापली की पहिल्याच घावात चोक जातो आणि शिकारीला ती बंदूक जवळजवळ निकामी होते. खोलीच्या अंतरावर मात्र छरे पसरायला वेळच मिळत नाही, घोस तळहाताएवढा राहतो. नेम धरावाच लागतो. वेग थोडा घटतो, आवाज आणि जाळ वाढतो. मालकाला खरोखर आखूड नळी हवी असेल, तर कारखान्यात बनलेली साडेअठरा इंची नळी दुकानात मिळते आणि पंप बंदुकीवर ती बदलणं सोपं असतं. म्हणजे 18 च्या खाली कापण्याचा खरा लाभ एकच: बंदूक कोटाखाली लपते. कायद्याला भीती होती ती याचीच, आणि तेवढ्यापुरती ती रास्त होती.

पण रेघ कितीही रास्त असली, तरी तिच्यापायी काय घडू शकतं हे आयडाहो राज्यातल्या रूबी रिज इथे दिसलं. डोंगरात राहणारा, वंशवादी मतांचा रँडी वीव्हर याने ऑक्टोबर 1989 मध्ये सरकारी खबऱ्याला दोन आखूड केलेल्या बंदुका विकल्या. तू आमचा खबऱ्या हो, असं सरकारने सुचवलं, त्याने नकार दिला, मग खटला भरला गेला. कोर्टाच्या तारखेचं पत्र गेलं त्यात फेब्रुवारीऐवजी मार्च लिहिलं होतं. तो हजर झाला नाही. ऑगस्ट 1992 मध्ये त्याच्या घराला वेढा पडला आणि अकरा दिवसांत त्याचा 14 वर्षांचा मुलगा, तान्हं मूल कडेवर घेऊन दारात उभी असलेली बायको आणि एक सरकारी मार्शल असे तिघे मेले. ज्युरीने बंदुकांच्या आरोपातून वीव्हरला सोडलं, केवळ कोर्टात हजर न राहिल्याबद्दल आणि जामिनाच्या अटी मोडल्याबद्दल दोषी धरलं. 1995 मध्ये सरकारने कुटुंबाला 31 लाख डॉलर दिले. त्याच वर्षी ओक्लाहोमा सिटीत 168 माणसं मारणारा टिमोथी मॅकव्हे आपल्या रागाची कारणं सांगताना रूबी रिजचंही नाव घेत असे. वीव्हरच्या मतांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण चार-दोन इंच पोलादासाठी एवढा फौजफाटा, हे प्रमाण कुठल्याच तराजूत बसत नाही.

दरम्यान रेघेच्या कडेने चालणारे कारखानदार हुशार निघाले. 2017 मध्ये मॉसबर्गने शॉकवेव्ह नावाची पंप बंदूक आणली. नळी 14 इंचांची, दस्त्याच्या जागी नुसती वाकडी मूठ, एकूण लांबी 26 इंचांहून जराशी जास्त. खांद्याला लावायचा दस्ता तिला जन्मापासून नाही, म्हणून केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत ती छऱ्यांची बंदूक म्हणजे शॉटगनच नाही. दुकानात जाऊन घेता येते. तीच लांबी घरी कापून केली तर तुरुंग! कॅनडातही असाच न्याय: कारखान्यातून आखूड आलेली चालते, पण कापून 457 मिलिमीटरखाली आणलेली निषिद्ध. 1 जानेवारी 2026 पासून अमेरिकेत आखूड बंदुकांवरचा तो 200 डॉलरचा कर शून्यावर आला. नोंदणी, बोटांचे ठसे आणि दहा वर्षांची शिक्षा मात्र जागच्या जागी आहे.

आपल्याकडे असली इंचाइंचाची कसरत नाही. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 6 सरळ सांगतं की खास परवान्याशिवाय कुठल्याही बंदुकीची नळी आखूड करता येणार नाही, मग ती कापल्यावर कितीही लांब उरो. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. कोकणात रानडुकरं आणि वानरांपासून बागा राखायला शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेल्या बंदुका अजून अनेक घरांत आहेत, काही तर आजोबांच्या ठासणीच्या. अशा बंदुकीच्या नळीचं तोंड गंजलं, चेपलं किंवा चिरलं असेल, तर तेवढा तुकडा उडवून टाकावा असं कुणी सुचवेल. ऐकू नका. ती झाडूही नका. परवाना घेऊन परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे जा, आणि नळीला हात लावण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात, किंवा आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे, लेखी विचारा.