फुकट तिकिटाचं वेबिल

तुमच्या क्रेडिट कार्डावर आत्ता नेमके किती रिवॉर्ड पॉइंट्स आहेत? मोबाइल न बघता सांगा बरं. नाही सांगता येत ना? मग ते कधी एक्स्पायर होणार आहेत, हे तर विचारतच नाही.

टेन्शन घेऊ नका, दोन वर्षांपूर्वी मीही तुमच्याच पंगतीत होते. पुण्यात राहणारी, तीन कार्डं बाळगणारी, ऑफिसमधल्या प्रत्येक गटात ‘बिल मी भरते, तुम्ही मला ट्रान्स्फर करा’ म्हणणारी. सगळा खर्च कार्डावर टाकायचा, पॉइंट्स साठवायचे आणि एक दिवस आई-बाबांना विमानात बसवायचं, असा माझा सॉलिड फंडा होता. दोघंही कधी विमानात बसलेले नाहीत. बाबा एसटीत कंडक्टर होते, सिल्लोड आगारात. उभी नोकरी लोकांना तिकिटं देण्यात गेली, पण स्वतः लांबचं तिकीट काढून कुठे गेले असतील तर पंढरपूर आणि तुळजापूर. आईची इच्छा एकच, ताजमहाल बघायची. ‘आयुष्यभर मकबराच पाहिला, एकदा त्याचा मोठा भाऊ बघू दे,’ असं ती म्हणते. त्यात तिचे गुडघे दरवर्षी जास्तच कुरकुरायला लागलेत. म्हणजे एक्स्पायरी डेट फक्त पॉइंट्सनाच नव्हती.

दिवाळीत घरी गेले आणि सरप्राइज द्यायचं म्हणून ओट्यावर बसून अॅप उघडलं. माझ्या अंदाजाने एकवीस हजारांच्या वर पॉइंट्स होते. स्क्रीनवर १५ हजार. एका कार्डावरचे ६,४०० पॉइंट्स आदल्या महिन्यात मुदत संपून गेले होते. त्याची ई-मेल आलीही होती, प्रमोशनच्या टॅबमध्ये न वाचता पडलेली. उरलेल्या पॉइंट्समध्ये काय मिळतंय बघितलं, तर एक मिक्सर, एक ट्रॉली बॅग आणि खरेदीची व्हाउचर्स.

‘काय करू राहिलीस गं पोरी मघापासून त्या मोबाइलवर?’ आईने विचारलं. मग सगळं सांगावंच लागलं.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘याची रोख किती होते?’

पंधरा हजारांचे किती पैसे?

ज्यांच्या घरात एसटीचा माणूस आहे त्यांना वेबिल ठाऊक असेल. कंडक्टरला टप्प्याटप्प्याने किती तिकिटं गेली ते वेबिलवर लिहावं लागतं, आणि ड्युटी संपल्यावर बॅगेतली रोख त्याच्याशी जुळवून भरावी लागते. कमी पडली तर खिशातून. बाबांनी माझ्या पॉइंट्सचंही वेबिल मांडायला घेतलं.

माझ्या कार्डांवर एका पॉइंटची किंमत होती २५ पैसे. म्हणजे १५ हजार पॉइंट्सचे झाले ३,७५० रुपये. आता खर्चाची बाजू. एका कार्डाची वार्षिक फी १,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून १,७७०. मार्च महिन्यात एका क्लायंटचा चेक लटकला म्हणून बिल उशिरा भरलं होतं, त्याचा दंड आणि व्याज २,३१०. एकूण ४,०८०. वजाबाकी करा. तीनशे तीस रुपयांनी मीच तोट्यात!

‘म्हणजे तू फुकट नाही बसलीस,’ बाबा म्हणाले, ‘जादा तिकीट काढून बसलीस.’

मास कम्युनिकेशनची डिग्री, दोन इंग्रजी मासिकांत ट्रॅव्हलवर लिहिलेले लेख... सगळं त्या एका वाक्यात धुऊन निघालं.

पुडिंगवाल्याची गोष्ट

ही पॉइंट्सची भानगड सुरू झाली अमेरिकेत. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने ‘अॅडव्हांटेज’ योजना आणली, जितके मैल उडाल तितके मैल खात्यात जमा. मग बाकीच्या कंपन्या, हॉटेलं, कार्डवाले सगळेच त्यात उतरले. या खेळातला सगळ्यात गाजलेला खेळाडू म्हणजे डेव्हिड फिलिप्स नावाचा इंजिनिअर. १९९९ मध्ये एका खाद्यपदार्थ कंपनीने पाकिटांवरच्या लेबलांवर विमानाचे मैल देऊ केले. या पठ्ठ्याने आधी हिशेब केला, सगळ्यात स्वस्त पदार्थ शोधला आणि पुडिंगचे १२,१५० कप विकत घेतले. खर्च सुमारे ३,१४० डॉलर, मिळाले साडेबारा लाख मैल. लेबलं सोलून देण्याच्या बदल्यात पुडिंग त्याने एका सेवाभावी संस्थेला देऊन टाकलं.

आपण ही गोष्ट ऐकतो आणि ‘फुकट विमान’ एवढंच लक्षात ठेवतो. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. त्याने खरेदीच्या आधी गणित केलं होतं, नंतर नाही.

आणि साठवून ठेवण्यातही धोका असतोच. किंगफिशरची विमानं २०१२ मध्ये जमिनीवर आली. जेट एअरवेजचं उड्डाण एप्रिल २०१९ मध्ये थांबलं, तिची पॉइंट्स योजना वेगळी कंपनी असल्यामुळे ‘इंटरमाइल्स’ या नव्या नावाने पुढे चालली. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या सदस्यांचे पॉइंट्स एअर इंडियाच्या योजनेत गेले, जिचं नाव आता ‘महाराजा क्लब’ आहे. विमानं बदलतात, नावं बदलतात, नियम तर कधीही बदलतात. काल आठ हजार पॉइंट्सना मिळणारी सीट उद्या दहा हजारांना होऊ शकते. बँकेतल्या एफडीसारखं पॉइंट्सवर व्याज मिळत नाही. ते वापरण्यासाठीच असतात.

मिनिममचा मॅक्सिमम फटका

माझा एक आयटीवाला मित्र आहे. पॉइंट्स मिळतात म्हणून त्याने सहा-सात महिन्यांत साठ हजारांची खरेदी केली आणि दर महिन्याला फक्त ‘मिनिमम ड्यू’ भरत राहिला. १०० रुपयांना २ पॉइंट्स या दराने त्याला मिळाले १,२०० पॉइंट्स, म्हणजे ३०० रुपये. आणि साठ हजारांवर महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज? दर महिन्याला २,१००! शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, हे त्याला चौथ्या महिन्यात कळलं. ते फेडायला त्याला बाइक विकावी लागली. आता तो कार्ड बघितलं की तोंड फिरवतो.

म्हणून नियम नंबर एक: बिल दर महिन्याला पूर्ण भरता येत नसेल तर पॉइंट्सच्या नादाला लागूच नका. डेबिट कार्ड किंवा यूपीआय बरं.

दुसरी फेरी

पाडव्यालाच मी दोन कार्डं बंद करायचा अर्ज केला. थकबाकी नसेल तर अर्जानंतर सात कामकाजाच्या दिवसांत बँकेला कार्ड बंद करावं लागतं, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. पण बंद करण्याआधी त्यांवरचे ६,००० पॉइंट्स व्हाउचर्समध्ये वापरून टाकले, नाहीतर कार्डाबरोबर तेही गेले असते. राहिलं एक कार्ड, ९,००० पॉइंट्स आणि बाबांनी दिलेली एक दोनशेपानी वही.

हो, वही. एक्सेल शीटही केली होती, पण ती मी उघडत नव्हते. वहीत पाच रकाने आखले: तारीख, कशासाठी खर्च, मिळालेले पॉइंट्स, मुदत संपण्याची तारीख आणि फी-व्याज. महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा मिनिटं द्यायची. बाबा फोनवर विचारायचे, ‘वेबिल बंद केलं का?’

पुढच्या चौदा महिन्यांत नवा लॅपटॉप, विम्याचा हप्ता, मैत्रिणींच्या गोवा ट्रिपचं बुकिंग, म्हणजे जे एरवीही करायचंच होतं तेच फक्त कार्डावर केलं. आणखी ९,००० जमले. एकूण १८,०००. ते व्हाउचरमध्ये न घालवता विमान कंपनीच्या योजनेत ट्रान्स्फर केले. इथे एक सावधगिरी! असे ट्रान्स्फर केलेले पॉइंट्स बहुतेक वेळा परत कार्डावर येत नाहीत. म्हणून आधी सीट उपलब्ध आहे का बघायचं, मगच बटण दाबायचं.

चिकलठाणा ते दिल्ली, दोघांच्या तिकिटांचे रोखीत ११,२०० होत होते. मला लागले १८,००० पॉइंट्स आणि करापोटी १,४०० रुपये. वाचले ९,८००. म्हणजे एका पॉइंटचे ५४ पैसे. मिक्सर घेतला असता तर २५ पैसेच पडले असते. माझं तिकीट मी रोखीनेच काढलं.

ताजला सुट्टी कधी?

आता हॉटेल. आग्र्यात एका अॅपवर जाम भारी डील दिसत होती. तिघांची खोली १,४९९ रुपयांत! गुरुवारी पोचायचं, शुक्रवारी ताज, शनिवारी परत. ‘नॉन-रिफंडेबल’ असं बारीक अक्षरात होतं, पण एवढ्या स्वस्तात कोण सोडणार? पैसे भरायच्या बेतात होते, एवढ्यात बाबांनी फोनवर विचारलं, ‘ताजला सुट्टी कधी असते गं?’

अजिंठ्याच्या रूटवर वर्षानुवर्षं ड्युटी केलेला माणूस तो. सोमवारी लेणी बंद असतात हे माहीत नसलेले, लांबून आलेले टूरिस्ट फर्दापूरला हिरमुसलेले त्याने कितीदा पाहिलेत. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. आणि ताजमहाल? बघितलं, तर शुक्रवारी! स्वस्त खोलीचं गुपित तिथेच असेल किंवा नसेलही, पण माझे १,४९९ आणि आईचा ताज दोन्ही बुडाले असते.

मग तारखा बदलल्या. मंगळवारचं विमान, बुधवारी ताज, गुरुवारी परतीची गाडी. दुसरं एक हॉटेल अॅपवर २,८०० दाखवत होतं. मी सरळ त्यांच्या रिसेप्शनला फोन लावला. आदल्या दिवसापर्यंत रद्द करायची मुभा, नाश्त्यासकट २,२००. यात जादू काही नाही. अॅपवरून आलेल्या बुकिंगवर हॉटेलला पंधरा-वीस टक्के किंवा त्याहूनही जास्त कमिशन द्यावं लागतं. तुम्ही थेट गेलात तर त्यातला वाटा मागता येतो. फक्त मागावा लागतो!

विमानात बाबा खिडकीशी बसले. दिल्ली येईपर्यंत बोलले नाहीत. उतरताना म्हणाले, ‘आज माझं तिकीट दुसऱ्या कुणीतरी तपासलं.’ आणि ताजसमोर आई बराच वेळ बाकावर बसून राहिली. गुडघे दुखतात म्हणून, असं म्हणाली. मी काही विचारलं नाही.

परतीला सचखंड एक्स्प्रेस. या गाडीला वाटेतल्या काही स्टेशनांवर मोफत लंगर मिळतो. आईने स्टीलचा डबा पुढे केला, भाजी-पोळी घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘याला म्हणतात फुकट. ना पॉइंट, ना पासवर्ड.’

बाबा वही काढून ट्रिपचा हिशेब जुळवत होते. जुळला!

चला, तुमचं वेबिल उघडा

* पॉइंट्स मोजू नका, पैसे मोजा. एका पॉइंटचे किती पैसे मिळतात ते आधी काढा. त्यातून फी, दंड, व्याज वजा करा.
* एक्स्पायरीची तारीख कॅलेंडरमध्ये एक महिना आधी टाका.
* भाडं, पेट्रोल, वॉलेट यांवर बऱ्याच कार्डांवर पॉइंट्स मिळत नाहीत, उलट जादा चार्ज लागू शकतो. नियम वाचा.
* हॉटेलचा दर बघताना करासकट बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. ७,६०० ची खोली खरं तर किती महाग पडते, करून बघा.
* बुकिंगआधी तिथली साप्ताहिक सुट्टी तपासा, मग हॉटेलला एक फोन लावा.
* आणि कार्डच नसेल तर? एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास १९८८ पासून आहे, चार किंवा सात दिवसांचा. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. यासाठी कुठलीही वार्षिक फी नाही!